सातशे मीटरवरचं गाव

नकाशा वाचता न येणाऱ्या माणसांच्या हातात शाळा बंद करायचे अधिकार असतात, याचा मला अजूनही संताप येतो. फक्त तो नेमका कुणावर काढायचा, हे गेल्या जूनपासून जरा अवघड झालं आहे.

माझी शाळा रत्नागिरीपासून आत, खाडीच्या काठाला. चाळीसेक घरांची वाडी, एक वर्गखोली, पुढे पडवी, पहिली ते चौथी मिळून नऊ मुलं आणि शिकवायला मी एकटी. मी राहते रत्नागिरीजवळ, मिरजोळ्यात. रोज सकाळी स्कूटर काढायची, तासाभरात शाळा गाठायची, कुलूप उघडायचं, झाडू मारायचा आणि मग बाई व्हायचं, असं सहावं वर्ष चालू होतं. नऊ मुलांना शिकवायला असं काय लागतं, असं कुणी म्हणालं की मी त्यांना एक दिवस येऊन बसायला सांगते. आजवर कुणी आलेलं नाही.

भूगोल हा माझा आवडता विषय आणि तो ज्या तऱ्हेने शिकवला जातो त्याची मला तितकीच चीड. पाहुणे शाळेत येतात, मुलांना उभं करतात आणि विचारतात, जिल्ह्यात तालुके किती? मुलं एका दमात नऊ नावं म्हणून टाकतात. पाहुणे खूश होतात. आपला तालुका त्यातला कुठला, आपण आत्ता कुठे उभे आहोत, हे काही कुणी विचारत नाही. एकदा मीच विचारलं. दुसरीतल्या एका मुलाचे वडील लोट्याच्या कंपनीत आहेत, आठवडाभर तिकडेच राहतात. मी म्हटलं, "लोटे कुठे आहे रे?" तो म्हणाला, "बाबा शनवारी येतो ना, तिथे." मला हे उत्तर त्या नऊ नावांपेक्षा बरं वाटलं.

मग मी उत्तर दिशा विचारली. नऊच्या नऊ बोटं छपराकडे गेली.

यात हसण्यासारखं काही नाही. नकाशा भिंतीवर टांगलेला, आणि त्याची वरची बाजू उत्तर, हे मीच त्यांच्याकडून घोकून घेतलेलं. वर बघितलं की कौलं दिसतात, म्हणून उत्तर कौलांत. मी स्वतःवर इतकी वैतागले की स्टुलावर चढून नकाशा खिळ्यावरून काढला, जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चिऱ्याचे चार तुकडे ठेवले आणि सूर्य सकाळी कुठे होता ते मुलांना विचारत विचारत तो फिरवला. नकाशातला समुद्र खऱ्या समुद्राच्या बाजूला आला, घाट घाटाच्या बाजूला. मुलं भोवती उकिडवी बसली आणि नकाशावर बोटं फिरवायला लागली.

पुढचे दोन महिने मजेत गेले. आधी पाटावर ठेवलेलं दप्तर वरून कसं दिसेल ते काढलं, मग वर्ग, मग पडवी, मग अंगणात रांगोळीने अख्खी वाडी. शंभर पावलांना एक काडेपेटी असं प्रमाण ठरवलं. पण नऊ जणांची पावलं नऊ तऱ्हेची, त्यावरून भांडणं झाली, शेवटी सगळ्यांत सावकाश चालणाऱ्या मुलीची पावलं खरी मानायची ठरली. वळणाची वाट मोजायला दोरा घेतला. वाटेवरून दोरा अलगद टाकत न्यायचा, वाट संपेल तिथे चिमटीत धरायचा आणि सरळ करून पट्टीवर लावायचा. सरळ रेघ आणि माणसाची चालायची वाट यांत किती फरक असतो, हे त्या मुलांना एका दुपारी कळलं.

ज्या मुलीसाठी हे लिहायला बसले, ती तेव्हा तिसरीत होती. वडील ट्रॉलरवर खलाशी, आठ-आठ दिवस समुद्रात. आई पहाटे बंदरावर लिलावाला जाणार, पाटी भरून घेणार, गावोगाव मासळी विकून दुपारी घरी येणार. ही एकुलती एक. आपली वेणी आपण घालून, डबा भरून, घराला कडी लावून चालत शाळेत यायची आणि माझ्या आधी पडवीत येऊन बसलेली असायची. तिला वाडीचा नकाशा काढायला सांगितला, तर जमिनीवर तिने जेमतेम दहा-बारा चौकोन काढले आणि उरलेला सगळा कागद पाण्याला दिला. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, त्याला वळसा घालून होडी न्यायची वाट, पाण्यातल्या खडकांपैकी भरतीला बुडणारं खडप, कधीच उघडं न पडणारं दुसरं खडप, कालवं मिळतात ती जागा. मी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं गो?" म्हणाली, "पप्पांनी. आणि थोडं मी बघितलंय."

त्याच सुमाराला तपासणीला एक बाई आल्या. वह्या चाळता चाळता त्यांनी हा नकाशा बघितला आणि लाल पेनाने शेरा मारला: समुद्र निळ्या रंगाने भरावा, अनावश्यक खुणा टाळाव्यात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अनावश्यक. त्या खुणा बघून तिचा बाप घरी येतो. मुलगी मात्र रडली नाही की रुसली नाही. वही हातात घेऊन तिने मला विचारलं, "बाई, निळं केलं तर खडप कसं दिसणार? होडी आपटंल." मी लाल शेऱ्याखाली हिरव्या पेनाने लिहिलं, नकाशा बरोबर आहे, आणि खाली सही केली. त्या बाई अजून पडवीत चहा पीत होत्या, पण मला त्याची पर्वा नव्हती.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. पट कमी असल्यामुळे आमची शाळा पुढच्या वर्षापासून समोरच्या गावातल्या शाळेत मिसळायची. कारण खाली दिलेलं होतं: जवळची शाळा, अंतर सातशे मीटर.

समोरचं गाव म्हणजे खाडीपलीकडचं. आमच्या पडवीतून त्या शाळेचे पत्रे दिसतात, हवा पडलेली असेल तर तिची घंटासुद्धा ऐकू येते. पूर्वी खाडीवर ‘तर’ होती. माणसं ने-आण करणारी ती होडी दहा मिनिटांत पलीकडे सोडायची. मग वरच्या अंगाला पूल झाला, लोकांकडे मोटरसायकली आल्या, तरीला गिऱ्हाईक उरलं नाही आणि मी इथे यायच्या आधीच ती बंद पडली. आता पलीकडे जायचं तर घाटी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर जा, सड्यावरून पुलाकडे उतरा, पूल ओलांडून पुन्हा खाडीच्या कडेकडेने मागे या. पण वाडीच्या बोलण्यात हा रस्ता अजून आलेलाच नाही. "जरा समोर जाऊन येतो," असं सांगून माणूस सकाळी निघतो आणि जेवायच्या वेळेला परततो, तरी त्याच्या लेखी गाव समोरच. शिमग्यात देवीची पालखी पूर्वी होडीतून पलीकडे जायची. आता टेम्पोत बसून अर्धा तालुका फिरून जाते, आणि लोक म्हणतात, पालखी समोर गेली.

मला हे सगळं ठाऊक होतं, म्हणूनच पत्र वाचून माझं डोकं फिरलं. कुणीतरी ऑफिसात बसून नकाशावर दोन टिंबं बघितली असणार आणि खाडीवरून सरळ रेघ ओढली असणार. मधला निळा पट्टा म्हणजे पाणी असतं, हे माझ्या पहिलीतल्या मुलांना कळतं. मी फोन केले. एकाने सांगितलं, सिस्टीममध्ये सातशेच आहे. दुसऱ्याने सांगितलं, सुट्टीनंतर बघू. तिसऱ्याने मला शांत राहायला सांगितलं, त्यामुळे उरलीसुरली शांतताही गेली. मी भर उन्हात घरोघर फिरले आणि पालकांना सांगितलं, "काही होत नाही, मी बघते. कुणीही दाखले काढायचे नाहीत." लोकांनी माना डोलावल्या.

त्या मुलीने सुट्टीसाठी माझ्याकडून तालुक्याचा नकाशा मागून नेला होता. एक सेंटिमीटरला एक किलोमीटर, चांगला मोठा नकाशा. एरवी शाळेची वस्तू मी अशी देत नाही. तिला दिला.

मे संपता संपता, बोटी पावसाळ्यासाठी किनाऱ्याला लागत असताना, ती वडिलांबरोबर शाळेत आली. मी निकालपत्रकांचं काम करत बसले होते. वडील पडवीच्या कडेला उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, दाखला पायजे होता हिचा."

"अहो, मी सांगितलंय ना, तो कागद चुकलाय. मी दुरुस्त करून घेते."

"पोरीनं मोजून दाखवलंन," ते म्हणाले. "दोरा लावून. तेरा किलोमीटर जायाचं नि तेरा यायाचं. मी बोटीवर, हिची आई बंदरावर. आपल्याकडं एसटी एकच, सकाळची, ती पण रत्नागिरीला जाणारी. हिला सोडणार कोण नि आणणार कोण?"

मी म्हटलं, "पण जायची वेळच येणार नाही."

"दुरुस्त कधी होईल, बाई?"

हे मला माहीत नव्हतं. त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. तिचा मामा गुहागरला, घरामागे पोफळीची बाग आणि बागेच्या टोकाला शाळा, मामीला मूलबाळ नाही, ती जीव लावील. आई-बापाला सोडून आठ वर्षांच्या मुलीने चार तास लांब जाऊन राहायचं, असा तो बेत होता. बोलताना त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी दाखला लिहिला. मुलीने नकाशा गुंडाळी करून आणला होता, तो माझ्या टेबलावर ठेवला. रस्त्यावर तिने बारीक रेघ ओढली होती. "पेन्सिलीनं केलंय, बाई," ती म्हणाली, "खोडता येईल." मी म्हटलं, दोरा अगदी बरोबर टाकलास. घरी जाताना मी घाटीत स्कूटर थांबवून रडले. हेल्मेट घातलेलं असलं की ते कुणाला कळत नाही.

जून उजाडला तो मी युद्धाच्या तयारीनेच. शाळा उघडली आणि तिसऱ्याच दिवशी केंद्रप्रमुख आले, मुलं पलीकडे कधी पाठवायची ते ठरवायला. माणूस माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, घाटावरून नुकताच बदलून आलेला, बोलायला सभ्य. मला त्याच्या सभ्यतेचं काही देणंघेणं नव्हतं. मी जमिनीवर नकाशा पसरून ठेवला होता. म्हटलं, "सर, आधी बसा. मुलं तुम्हाला एक गोष्ट दाखवतील." ते बूट काढून मांडी घालून बसले. चौथीतल्या दुसऱ्या एका मुलीने आमच्या शाळेपासून दोरा टाकायला सुरुवात केली. घाटी, सडा, उतार, पूल, खाडीची कड. चिमटीत धरला, पट्टीवर लावला. तेरा. सरांनी तिच्या हातून दोरा घेतला आणि स्वतः पुन्हा टाकून बघितला. तेराच.

मग मी सुटले. महिनाभर आंघोळ करताना, भाजी चिरताना, स्कूटर चालवताना जी वाक्यं जुळवली होती ती सगळी बाहेर काढली. म्हटलं, खाडीवरून रेघ ओढताना तुमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही की मुलं ही खाडी पोहून जाणार का? तिसरीतली पोर घर सोडून गुहागरला गेली, तिने जे दोऱ्याने मोजलं ते तुम्हाला एवढ्या मशिनी घेऊन मोजता येत नाही? तुम्हाला नकाशा कुणी शिकवला? आठ मुलं कौतुकाने माझ्याकडे बघत होती. मला स्वतःचंही थोडं कौतुक वाटत होतं, ते कशाला लपवू.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून मोबाइल काढला, त्यात साठवलेलं काहीतरी शोधलं आणि माझ्यासमोर धरला.

"मॅडम, हे अंतर आम्ही नाही काढलेलं. हे शाळेकडून आलंय."

चार वर्षांपूर्वी ऑनलाइन भरलेली शाळेची माहिती होती ती. जवळची दुसरी शाळा, अंतर मीटरमध्ये, ७००. खाली भरणाऱ्याचं नाव म्हणून माझं नाव होतं.

आठवायला वेळ लागला नाही. माहिती भरायचा शेवटचा दिवस होता. वाडीत इंटरनेटची रेंज फक्त शाळेमागच्या कातळावर मिळते, म्हणून मी छत्री धरून तिथे बसले होते आणि मांडीवर आधीच्या गुरुजींचं रजिस्टर उघडं ठेवून एकेक रकाना उतरवत होते. गुरुजींनी लिहिलं होतं, समोरचे गाव, तरीने ७०० मीटर. मी तसंच टाइप केलं, तर चौकट लाल झाली. तिथे फक्त आकडा चालत होता, अक्षर चालत नव्हतं. मी 'तरीने' खोडलं आणि चौकट हिरवी झाली. खाडीवरची तर बंद पडलेली आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण दोन वर्षांत मीही त्या गावाला समोरचं गाव म्हणायला शिकले होते, आणि समोरच्या गावाला सातशे मीटर हे मला चुकीचं वाटलं नाही.

तोंडात मारल्यासारखं झालं. मुलांना काय चाललंय ते पुरतं कळलं नव्हतं. लोट्याच्या कामगाराचा मुलगा, आता तिसरीत गेलेला, पुढे सरकून मोबाइलमध्ये डोकावला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही दोरा नाय लावलात?"

"नाही लावला," मी म्हटलं.

सर हसले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. ते म्हणाले, "खुलासा लिहून द्या, मॅडम. चूक दुरुस्त झाली तर विलीनीकरण थांबवता येईल, मी स्वतः पाठपुरावा करतो." मी तिथेच कागद घेतला. सदर माहिती अनवधानाने चुकीची भरली गेली, असं सवयीने लिहिलं, मग खोडलं आणि लिहिलं, मी चुकीची भरली. सरांनी ते वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

माझा राग गेला असं कुणी समजू नये. तो आकडा चार वर्षं किती टेबलांवरून गेला असेल, आणि एकानेही खिडकीबाहेर बघून विचारलं नाही की बाई, मध्ये खाडी आहे ना. एक शब्द लिहायला जागा न देणारी ती चौकट ज्याने बनवली, त्याला माझ्या पडवीत आणून बसवावं असं मला वाटतं. हे सगळं खरं आहे आणि मी ते कुणालाही तोंडावर सांगेन. पण हल्ली हे बोलायला लागले की चार वाक्यांत मी त्या कातळावर येऊन पोचते, छत्रीखाली, मोबाइल हातात धरून.

जुलैच्या मध्यावर पत्र आलं. अंतराची दुरुस्ती मान्य, शाळा सुरू ठेवायची. सर शब्दाला जागले. वाडीत सगळ्यांना आनंद झाला, एका घरातून परसातल्या काकड्या आल्या. मी शाळा सुटल्यावर पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून खाली किनाऱ्याला गेले. मुलीचे वडील ताडपत्रीखाली बसून जाळं विणत होते. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे घरीच होते.

मी त्यांना पत्र दाखवलं. आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं की तो सातशेचा आकडा ऑफिसचा नव्हता, माझा होता.

त्यांचा हात थांबला. "तुमचा?"

"माझा."

ते म्हणाले, "आमी पण समोरच म्हणतो, बाई." आणि पुन्हा विणायला लागले. हे बोलणं मला ऑफिसातल्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी म्हटलं, "तिला घेऊन या. तिकडून दाखला आणायचं, इकडे नाव घालायचं, सगळं मी करते. तुम्हाला एक खेप घालावी लागणार नाही."

"बोलावली तर धावत येईल ती," ते म्हणाले. "रोज फोनवर विचारतेय. आता कुठं जरा रडायची थांबलीय." मग त्यांनी हात पुसून पत्र मागून घेतलं आणि सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, ही सवलत चालू शैक्षणिक वर्षापुरती राहील.

"म्हणजे पुढच्या वर्षी परत कागद येईल?"

"येईल असं नाही."

"नाय येणार, असं तुमी सांगा. मी उद्याच गुहागरला जातो नि आणतो तिला. पण आणून परत पाठवायची झाली, तर ती पोर दोनदा तुटंल."

ते माझ्याकडे बघत होते. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. मी त्यांच्या हातातल्या पत्रातली शेवटची ओळ पुन्हा वाचली. त्यांनी मला पुरेसा वेळ दिला. मग पत्राची घडी घातली, ते माझ्या पिशवीत परत ठेवलं आणि जाळ्याचा पुढचा फाटका भाग मांडीवर ओढून घेतला.